सात शेळ्यांचा बैल

कपाशीची पऱ्हाटी चार-पाच पानांवर आली, पावसानं उघाड दिली, आणि नेमक्या डवरणीच्या तोंडावर नेमसिंग राठोडचा डावा बैल मेला.

सकाळी सून बबिता शेण काढायला गेली तेव्हा तो आडवा पडला होता. तोंडाला फेस, मागचा पाय खुरापासून मांडीपर्यंत सुजलेला. उजवा बैल, बादल, दावं ताणून होईल तितका लांब उभा होता. नेमसिंगनं पायाजवळ बसून सापाच्या दातांची खूण शोधली, ती सापडली, आणि तो उठला. तांड्यातल्या माणसांनी बैल नाल्याकाठी नेऊन पुरला.

रामधन नायकाचा तांडा दिग्रसच्या रस्त्यापासून आत, टेकाडावर आहे. उताराला सगळी काळी जमीन. नेमसिंगचं वावर नाल्याला लागून, त्यामुळे ओल धरून राहणारं. तिथं पऱ्हाटीच्या आधी तण वर आलं होतं. दोन ओळींमधून डवरा फिरवून ते उपटून टाकायचं, तर त्याला जोडी लागते. ट्रॅक्टर घातला तर रुततो. निंदायला बाया मिळत नव्हत्या, कारण ज्या बाया निंदायला जातात त्यांचीच वावरं हिरवी झाली होती. भाड्यानं जोडी कोण देणार? उघाड साऱ्या शिवाराला एकदमच मिळाली होती.

"पुन्हा पानी लागला का तन पऱ्हाटीले खाते," नेमसिंग म्हणाला. "मंग बैल आनून कराचं काय? पोळ्याले मिरवाचं?"

पोरगा राजकुमार ऐकत होता. दुसऱ्या दिवशी वावरात गेल्यावर त्यानं गोणपाटाची घडी खांद्यावर ठेवली आणि जुवाचं मोकळं टोक उचललं.

"काय करून राह्यला?" नेमसिंगनं विचारलं.

"बादल एका बाजूनं, मी एका बाजूनं."

"अरे, मानूस हायेस का..."

"बा, डवरा धर."

बैल उंच, माणूस ठेंगणा. जू तिरपं झालं आणि सगळा भार राजकुमारच्या बाजूला आला. बादलला शेजारी काय आहे ते कळेना. तो मान वळवून हुंगायचा आणि थांबायचा. डवऱ्याची पास, म्हणजे लोखंडी पातं, ढेकळाला अडली की जू गळ्याच्या हाडावर आदळायचं. एक तास, म्हणजे डवऱ्याचा एक फेरा, झालं, दुसरं अर्ध्यावर आलं. घाम राजकुमारच्या डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

त्याची आई जमनी वरच्या पडीत जागेवर शेळ्या चारत होती. तिला तिथून दोन गोष्टी दिसल्या. एक, जुवाखाली वाकलेला पोरगा. दुसरी, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोबाईल आडवा धरून उभा असलेला बापूजी. बापूजी शेजारच्या गावचा, लगतच्या वावराचा मालक.

"बापूजी, काय काढून राह्यले?" तिनं वरून हाक दिली.

"काई नाई वं. रेंज पाहून राह्यलो."

संध्याकाळपर्यंत ती रेंज तांड्यातल्या सगळ्या मोबाईलवर पोचली. जुवाखालचा राजकुमार आणि मागं कुठलंसं देशभक्तीचं गाणं. शेजारणीनं बबिताला दाखवलं. बबितानं पूर्ण पाहिलं, मोबाईल परत दिला आणि भाकरी थापायला बसली. राजकुमार आधी हसला. मग भिंतीकडे तोंड करून जेवला.

जेवणं झाल्यावर जमनी म्हणाली, "शेळ्या इकतो."

त्या अकरा शेळ्या जमनीच्या होत्या. लोकांचा कापूस वेचून तिनं पहिली पाठ, म्हणजे शेळीचं मादी पिल्लू, घेतली होती आणि तिच्यापासून पुढचा कळप झाला होता. पोराच्या लग्नातही नेमसिंगनं त्यांच्याकडे बोट दाखवलं नव्हतं.

"त्या तुह्या हायेत," नेमसिंग म्हणाला.

"म्हनून तं मी म्हनून राह्यली. तू म्हनला असता तं दिल्या असत्या का मी?"

*

शेळ्यांचा व्यापारी दुसऱ्या दिवशी तांड्यावर आला. पाठी दाबून, दात पाहून, एकेक शेळी उचलून त्यानं भाव सांगितला. जमनीनं वाढवून मागितला. तो थोडा चढला, ती थोडी उतरली. ठरलं. मग त्यानं मोबाईल काढला.

"नंबर सांगा, भाबी."

"कोनता नंबर? नोटा दे."

"नोटा आता कुठी राह्यल्या? हॉटेलवाला मले मोबाईलवर देते, मी तुमाले मोबाईलवर देतो. माह्या खिशात चहापुरते बी नाई. पाहा." त्यानं खरोखर खिसा उलटा करून दाखवला. त्यातून बडीशेपेचे दाणे पडले.

घरात तीन खाती होती. राजकुमारच्या खात्यात पैसा पडला की मोटारसायकलचा फायनान्सवाला तो त्याच दिवशी ओढून घ्यायचा. नेमसिंगच्या खात्याला जोडलेलं सिम मागच्या वर्षी नांगरताना वावरात पडलं होतं. तो नंबर आता लातूरकडच्या कुठल्या माणसाला मिळाला होता. खात्यातून पैसा काढायला त्या नंबरवर येणारा आकडा लागायचा, म्हणून नेमसिंगनं शेजाऱ्याच्या मोबाईलवरून त्याला फोन लावला.

"दादा, राम राम. तुमच्या मोबाईलवर बँकेचा आकडा येईल. तेवढा सांगजा मले."

पलीकडच्या माणसानं त्याला चोर, भामटा आणि आणखी काही म्हटलं आणि फोन बंद केला. फोन स्पीकरवर होता. व्यापाऱ्यानं मान खाली घालून हसू दाबलं.

राहिलं जमनीचं खातं. ते बंद पडलं होतं. चालू करायला बँकेत जाऊन अंगठा द्यायचा होता. व्यापारी म्हणाला, चालू झालं की कळवा, आणि रिकाम्या गाडीनं परत गेला.

बँकेत जमनी आणि बबिता उघडायच्या आधी जाऊन बसल्या. पूर्वी जिथं कॅशियर बसायचा तिथं आता काचेच्या मागं कुंडी ठेवली होती. टेबलावरच्या साहेबानं जमनीचा अंगठा यंत्रावर ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला. लाल.

"मावशी, हात धुऊन या."

ती धुऊन आली. लाल.

"कपाळावर घासा जरा. तेलकट होऊ द्या."

जमनीनं अंगठा कपाळावर घासला. मग दुसरं बोट, मग तिसरं. विळा आणि बोंडांची टोकं यांनी बोटांवरच्या रेघा कधीच खाल्ल्या होत्या. मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "पायाचा लावून पाह्य, माय," आणि रांग हसली. साहेबही हसला, मग त्याला ते बरं वाटलं नाही म्हणून त्यानं कागद सरळ केले.

"ठसे नव्यानं द्यावे लागतील. आधार केंद्रात. मग इथं या. पंधरा दिवस धरा."

"पंधरा रोजात वावरातल्या तनात लांडगा लपन, साहेब."

"अं?"

"काई नाई," जमनी म्हणाली. "चाल वं बबिता."

परतताना फाट्यावर बापूजी भेटला. त्याला सगळं आधीच कळलं होतं. तो मोटारसायकल थांबवून म्हणाला, "जमनीबाई, कायले हिंडून राह्यल्या? पैसे माह्या खात्यात घ्या. मी नोटा देतो तुमाले. शंभरामागं दहा कापीन फक्त."

"दहा?"

"पेट्रोल लागते, टाईम लागते."

"अन् माह्या पोराची शूटिंग काढली, त्याचे किती देता?"

बबितानं पदर तोंडाला लावला. बापूजीनं गाडीला किक मारली. ती तीनदा मारावी लागली.

*

बैलबाजाराच्या दिवशी तिघं तांबडं फुटायच्या आत निघाली. राजकुमारचा खांदा इतका सुजला होता की हात वर होत नव्हता. तो बादलपाशी थांबला. दोन गाभण शेळ्या गोठ्यात राहिल्या. बाकीच्या नऊ रस्त्यानं पुढं, मागं जमनी काठी घेऊन, तिच्या मागं बबिता, आणि सगळ्यात पुढं नेमसिंग रिकामं दावं खांद्यावर टाकून. ओल्या कडेनं चालताना शेळ्या वाटेत दिसेल त्या झुडपाला तोंड घालत होत्या. जमनीनं त्यांना आज अडवलं नाही.

जमनीचा हिशोब साधा होता. बाजारात एखादा तरी जुना व्यापारी नोटा बाळगणारा असेलच. त्याला शेळ्या द्यायच्या आणि त्याच नोटा बैलवाल्याला द्यायच्या.

हा बाजार एका ठेकेदारानं रस्त्यालगतच्या पडीत जमिनीवर चालवायला घेतलेला. एका अंगाला बैल, दुसऱ्या अंगाला शेळ्या-मेंढ्या, मधल्या लिंबाखाली टेबल. टेबलावर पावत्या करणारा कपिल. मागच्या साली इथं नोटांची पिशवी कापली गेली, तेव्हापासून ठेकेदारानं लिंबाला फलक बांधला होता.

नेमसिंग सरळ बैलांकडे गेला. हेडी लोक, म्हणजे बैलांचे व्यापारी, आपापल्या दावणीपाशी चहा पीत होते. तो फकिरा नावाच्या हेड्यापाशी थांबला. फकिराकडे एक पांढुरका बैल होता, शिंगं मागं वळलेली, उंची बादलच्या खांद्याला लागणारी. नेमसिंगनं दात पाहिले, वशिंड दाबलं, चालवून पाहिला, मागून उभं राहून पायांचं अंतर पाहिलं. मग तो जमनीकडे आला.

"हाच."

"मले दिसलं," जमनी म्हणाली. "तू त्याच्यापाशी हासत होता."

"मी नाई हासलो."

"हासला. आता भाव चढवन तो."

शेळ्यांच्या अंगाला तिला हवा तसा म्हातारा व्यापारी सापडला. त्याच्या बंडीच्या आतल्या खिशात नोटा होत्या. त्यानं त्या बाहेर काढल्या, आणि टेबलावरून कपिल धावत आला.

"काका, ठेवा आत. काकू, बोर्ड पाहा ना. नोट हातातून हातात गेलेली दिसली का ठेकेदार माह्या पगारातून दंड कापते."

"मले वाचता येत नाई. बबिता, वाच वं."

बबितानं मान वर करून वाचलं. "येथे रोख व्यवहार होत नाही. संपूर्ण कॅशलेस बाजार."

"कॅशलेस म्हंजे?" जमनीनं कपिललाच विचारलं.

"म्हंजे नोटा नाई, चिल्लर नाई. रोखीचं काईच नाई."

"अन् लपवून दिल्या तं?"

"तं पावती भेटत नाई. अन् पावतीबिगर बैल रस्त्यानं नेऊन पाहा. फाट्यावरच ते गोरक्षावाले पोरं अडवतात. बैल जाते, वरून पोलीस टेशन."

म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं नोटा परत खिशात घातल्या. नेमसिंगनं दावं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. त्याच्या तोंडावरून सकाळपासूनचं सगळं चालणं एकदम दिसायला लागलं. पश्चिमेकडे ढग यायला लागले होते. अजून पांढरे होते. शेळ्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या.

"चाल," तो म्हणाला. "बापूजीलेच फोन लावू. शंभरामागं दहा तं दहा."

"थांब." जमनी अजून फलकाकडेच पाहत होती. "एवढंच लिहेल हाय ना, बबिता? नोटा नाई?"

"एवढंच, याडी." सासूला ती याडी, म्हणजे आई, म्हणायची.

"दुसरं काई?"

"खाली थुंकू नये म्हनते."

"मंग आपुन बोर्डापरमानंच करू."

ती वळली आणि शेळ्या हाकत बैलांच्या अंगाला गेली. हेडी लोक उठून उभे राहिले. शेळ्या बैलांत शिरल्या की बैल बिथरतात. फकिरा ओरडला, "ओ बाई, तिकडं! शेळ्याचा बाजार तिकडं!"

"तुह्यासाठीच आनल्या. या घे, बैल दे."

फकिरानं चहाचा कप खाली ठेवला. "म्हंजे?"

"म्हंजे काय? शेळ्या घे, बैल दे. नोट नाई, मोबाईल नाई."

"मी हेडी हाव, बाई. शेळ्या घेऊन काय करू? डवऱ्याले जुपू?"

आजूबाजूचे हसले. जमनी हसली नाही. "तुहा मोबाईल चालते?"

"चालते ना."

"खातं चालू हाय?"

"हाय."

"मंग तिकडं जा अन् इक. तो पाह्य, तो म्हातारा सोडला तं समदेच मोबाईलवाले हायेत. आमचे अंगठे चालत नाईत, तुहा चालते. तुह्या हातात शेळ्या आल्या का पैसा हाय. माह्या हातात नुसत्या शेळ्या हायेत."

फकिरानं शेळ्यांच्या बाजाराकडे पाहिलं. मग शेळ्यांकडे. बाजूचा एक हेडी पुटपुटला, "गलत नाई बोलून राह्यली."

"माह्या आज्यानं मिठाच्या गोनीवर बैल घेतलता," नेमसिंग मधेच म्हणाला. त्याला आता धीर आला होता.

"मीठ आनलं का तुमी?" फकिरा म्हणाला, पण त्याचा हात रुमालाकडे गेला होता.

बैलांचा भाव तोंडानं होत नाही. रुमालाखाली हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. फकिरानं रुमाल झटकून नेमसिंगपुढं धरला. नेमसिंगनं हात पुढं केला. जमनीनं तो बाजूला सारला.

"शेळ्या माह्या. हात बी माहाच."

लिंबाखाली बसलेली माणसंसुद्धा उठून आली. फकिराचा चेहरा लाल झाला. "बाई, तुमचा हात मी कसा धरू? हे मानसाचं काम हाय. चारचौघात..."

"बहीन म्हन अन् धर."

"अं?"

"बहीन म्हन. भावानं हात धरला तं कोन काय म्हनते?"

"धर रे फकिरा," कोणीतरी ओरडलं. "राखीचा खर्च वाचला!"

फकिरानं इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "बरं. बहीन." जमनीनं त्याचा रुमाल घेतला नाही. आपल्या ओढणीचं टोक पुढं ओढून दोघांच्या हातांवर टाकलं. आरसे लावलेलं ते टोक उन्हात चमकलं आणि माणसं आणखी जवळ आली.

काही वेळ ओढणी नुसती हलत राहिली. मग जमनी जोरात ओरडली, "दहा? माह्यापाशी अकराच हायेत, अन् दोन गाभन घरी!"

"धीरे! धीरे बोला ना!" फकिरा घाबरून म्हणाला. "तोंडानं बोलत नसते. अन् मी बोटामागं पाच हजार धरले. सवयीनं बोटं दाबल्या गेले."

"हजार कायचे? बोट म्हंजे शेळी."

"बोट म्हंजे शेळी," फकिरानं स्वतःलाच समजावल्यासारखं म्हटलं, आणि बाजार खदखदून हसला.

पुन्हा ओढणी हलली. फकिरानं मान झटकली. जमनीनं मान झटकली. तिनं हात काढून घेतला, शेळ्यांकडे वळली, पुन्हा परत आली. फकिरा म्हणाला, हे बरोबर नाही, बैल चार दाती आहे. जमनी म्हणाली, शेळ्या बी बोळक्या नाहीत. ओढणी बराच वेळ स्थिर राहिली. मग जमनी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "भाऊ झाला ना? मंग बहिनीले एक शेळी सोड."

फकिरानं डोळे मिटले. बाजूच्या हेड्यानं त्याच्या पाठीत थाप मारली.

"सोडली," तो म्हणाला.

ओढणी निघाली. सात.

सात शेळ्या जमनीनं स्वतः निवडून बाजूला केल्या. फकिराला निवडू दिलं नाही, पण लंगडी एकही दिली नाही. प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवला. शेवटची, काळ्या कानांची, परत तिच्याकडेच येत होती; तिला तिनं दोनदा ढकललं. दुसऱ्यांदा जोरात.

*

पावती झाली नाही.

कपिलनं बैलाचा रंग लिहिला, शिंगं लिहिली, देणारा, घेणारा. रकमेच्या रकान्यात त्यानं शून्य टाकलं तर मशीन पुढं जाईना. मग त्यानं सात टाकलं. मशीननं बाजाराचे दोन टक्के काढून दाखवले.

"काय म्हनते?" नेमसिंगनं विचारलं.

"चौदा पैसे."

"आन् शेळ्याचे दोन टक्के केले तं?"

"सात शेळ्याचे दोन टक्के..." कपिल खरोखर हिशोब करायला लागला.

"शेपटं कापून दे त्याले!" मागून आवाज आला.

कपिलनं ठेकेदाराला फोन लावला. समोरचं कोणाला ऐकू येत नव्हतं, पण कपिलचं ऐकू येत होतं. "नाई साहेब, सात रुपयाले नाई. सात शेळ्या... नाई, पिऊन नाई बसलो... अदलाबदल म्हनतात ते... बरं. बरं." त्यानं फोन कानापासून दूर केला. "काकू, नाई म्हनतात. मशीनमधे बसत नाई. शेळ्या परत घ्या, रीतसर मोबाईलवर करा."

फकिरा म्हणाला, "जाऊ द्या बाई. मले काई तक्रार नाई, पन पावतीबिगर..."

नेमसिंगनं बैलाला घातलेलं आपलं दावं सैल केलं. त्याचे हात थांबले, कारण जमनीनं टेबलावर दोन्ही हात ठेवले होते.

"बोर्ड कोनाचा हाय?"

"ठेकेदार साहेबाचा."

"मी नोट देली?"

"नाई."

"यानं घेतली?"

"नाई, काकू."

"या बाजारात आज बोर्डापरमानं कोन चाललं? हे मोबाईलवाले बी बाहीर जाऊन नोटाच मोजतात. माह्यावानी कॅशलेस दुसरं कोनी दाखव मले. पावती दे, नाईतं बोर्ड उतरव."

कपिलनं फलकाकडे पाहिलं. फोन अजून चालू होता. गर्दीतून एक जण पुढं आला, हातात म्हशीचा दोर. "आमचंबी असंच हाय, भाऊ. मले म्हैस देऊन गाय घ्याची हाय. सकाळपासून खात्यापाई बसलो." त्याच्या मागं दुसरा. आणि मग ज्याला काही घ्यायचं नव्हतं, विकायचं नव्हतं, असाही एक जण ओरडला, "पावती द्या, नाईतं बोर्ड उतरवा!"

दुसऱ्यांदा ते पाच-पन्नास जण ओरडले. बैल दचकून दावणीला ओढायला लागले. कपिलनं मोबाईल उंच धरला, म्हणजे साहेबालाही ऐकू जावं. त्यानं तो मुद्दाम धरला की घाबरून, हे सांगता येत नाही. मग त्यानं तो कानाला लावला आणि बराच वेळ नुसता ऐकत राहिला.

"हातानं लिहू म्हनतात," तो शेवटी म्हणाला. "फी सरसकट. दोघांत एक. कोनीबी मोबाईलवर भरा."

"मी भरतो," फकिरा म्हणाला. "बहीन केली आता, काय करता."

जुनं पावतीपुस्तक टेबलाच्या खणात तळाशी होतं. शिक्क्याची शाई वाळलेली. कपिलनं शिक्क्यावर तोंडानं दोनदा वाफ दिली आणि दाबून मारला. किमतीच्या जागी त्यानं अक्षरी लिहिलं आणि बबितानं वाचून दाखवलं: सात शेळ्या फक्त.

जमनीनं तो कागद आधी बबिताच्या हातात दिला, मग परत घेतला आणि स्वतःच्या चोळीत खोचला. फकिरा तोपर्यंत शेळ्या घेऊन पलीकडच्या अंगाला पोचला होता. टेबलापुढं म्हैसवाल्याच्या मागं रांग लागली होती.

फाट्यावर दोन पोरांनी मोटारसायकल आडवी घातली. "पावती?" जमनीनं दिली. एकानं वाचली, दुसऱ्याला दाखवली. "सात शेळ्या फक्त? हे काय हाय?"

"वाचता येते ना तुले?" जमनी म्हणाली. "शिक्का पाह्य."

त्यानं शिक्का पाहिला, कागदाची घडी घातली, परत दिली आणि मोटारसायकल बाजूला घेतली.

*

दुसऱ्या दिवशी ऊन होतं. तांड्यातली माणसं आपापल्या वावराकडे जाताना नेमसिंगच्या धुऱ्यावर थांबत होती. पांढुरक्यानं बादलला हुंगलं, बादलनं शिंग हलवलं, आणि दोघांनी जू घेतलं. ते सरळ बसलं. राजकुमार सुजल्या खांद्यानं पुढं जाऊन पट्टे बांधत होता. त्यानं जुवाच्या मोकळ्या टोकाला हातही लावला नाही, कारण ते टोक मोकळं नव्हतं.

नेमसिंगनं डवरा उचलून तासात ठेवला. मग तो मागं सरकला.

"पयलं तास तू धर," तो जमनीला म्हणाला.

"मी?"

"तुह्या शेळ्याचा बैल हाय."

धुऱ्यावरच्या एका म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. बाईनं डवरा धरू नये असं तो म्हणणार होता. त्यानं जमनीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

जमनीनं ओढणी कमरेला खोचली, डवऱ्याची मूठ, म्हणजे रुमणं, धरलं आणि जीभ टाळूला लावून आवाज केला. बैल निघाले. सुरुवातीला पांढुरका जरा पुढं ओढत होता, बादल मागं राहत होता. पास तिरपी चालली आणि पऱ्हाटीची दोन रोपं गेली. "दाब! उजवीकडं दाब!" नेमसिंग ओरडला. तिनं दाबलं. वावराच्या मध्यापर्यंत जाईस्तोवर दोघांचे पाय जुळले. माती उलथत होती, तण मुळासकट वर येऊन उन्हात पडत होतं. ओली माती तिच्या पोटऱ्यांपर्यंत उडाली. टोकाला तिनं बैल वळवले, एकदाच ओरडून, आणि ती परत यायला लागली.

तास संपलं. नेमसिंग पुढं आला आणि त्यानं रुमण्यासाठी हात केला.

जमनीनं बैल वळवले आणि दुसरं तास धरलं.

दुसरं संपलं तेव्हा नेमसिंग हात पुढं करूनच उभा होता. "दे आता. थकशीन."

"सरक," ती म्हणाली.

धुऱ्यावरची माणसं हसायला लागली. नेमसिंग तिसऱ्या तासालाही हात पुढं करून उभा राहिला. चौथ्याला त्यानं हात खाली घेतला, बाभळीच्या सावलीत जाऊन बसला आणि बबिताकडे पाणी मागितलं. वावरात जमनीचा आवाज टोकापर्यंत जात होता आणि परत येत होता.